तारुण्यातील अपेक्षांचा ताळा कसा पाहावा

पन्नाशी ओलांडली, मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडली, की चतुर्थीला मूळ घरी जमलेल्या भावंडांत हा विषय कधी ना कधी निघतोच: आपण तरुणपणी जे मनात धरले होते, तसे आयुष्य झाले का? बहुतेक जण उत्तर लगेच देऊन मोकळे होतात, आणि ते उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते. हा प्रश्न एवढ्या घाईने निकालात काढण्यासारखा नाही, असे मला मनापासून वाटते. त्याचे खरे उत्तर मिळवता येते. मात्र त्यासाठी काही आठवडे सवडीने काम करावे लागते आणि सुरुवात स्मरणशक्तीवर अविश्वास दाखवून करावी लागते.

या अविश्वासाला आधार आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल ऑफर यांनी १९६२ साली चौदा वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांपैकी ६७ जण ४८ वर्षांचे झाल्यावर त्यांना पुन्हा गाठून, चौदाव्या वर्षी स्वतःबद्दल, आईवडिलांबद्दल आणि घराबद्दल त्यांनी काय सांगितले होते ते आठवायला लावले. त्यांच्या आठवणी नुसत्या अंदाजाने दिलेल्या उत्तरांपेक्षा अधिक बरोबर निघाल्या नाहीत. ज्याला आपण ‘तेव्हाची अपेक्षा’ म्हणतो ती पुष्कळदा आजच्या समाधानातून किंवा खंतीतून रचलेली असते, आणि तिच्याशी आयुष्याची तुलना करणे म्हणजे आजची तुलना आजशीच करणे होय.

म्हणून पहिले काम लेखी पुरावा गोळा करण्याचे. शाळा सोडताना मित्रमैत्रिणींनी लिहून दिलेली स्मरणवही, आखातातील किंवा बोटीवरील नातेवाइकांना लिहिलेली पत्रे, नोकरीच्या अर्जांच्या कच्च्या प्रती, रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणीचे कार्ड, गायन-नाट्यस्पर्धांची प्रमाणपत्रे, जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर केलेले हिशेब यांतून त्या वेळचा माणूस आजच्या आठवणीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. कागद हाती लागले नाहीत, तर थोरल्या बहिणीला किंवा शाळेतल्या सोबत्याला विचारावे. परंतु ‘मला डॉक्टर व्हायचे होते ना?’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येईल. ‘बारावीच्या वर्षी मी घरी कशाबद्दल बोलत असे?’ असे मोकळे विचारावे, आणि दोघांना विचारायचे असेल तर एकमेकांच्या माघारी विचारावे.

मिळालेली प्रत्येक अपेक्षा वहीत एका पूर्ण वाक्यात, तेव्हाच्या वयासह लिहावी आणि तिच्याखाली ती मूळची कोणाची होती तेही लिहावे. गोव्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि अनेक घरांत मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली पहिली पिढी तयार झाली. त्या पिढीकडून आणि तिच्या मुलांकडून घराने सरकारी नोकरीची अपेक्षा ठेवली, ती इतक्या मायेने आणि इतक्या वेळा बोलून दाखवली गेली की ती आपलीच आहे असे मुलांना वाटू लागले. अशी अपेक्षा पुरी होऊनही मन रिते राहिले असेल, तर त्याचे कारण या एका नोंदीतून सापडू शकते.

यानंतरच्या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. वहीच्या डाव्या पानावर आपले वय आणि उजव्या पानावर त्या वर्षी गोव्यात व बाहेर काय घडत होते ते लिहीत जावे. १९७० साली जन्मलेल्या माणसाच्या विसाव्या वर्षी, ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे परत आणावे लागले. तिकडे जाण्याची कागदपत्रे ज्याने तयार ठेवली होती, त्याचा बेत त्याच्या काही चुकीमुळे मोडला नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. आता डिचोली, साखळी, कुडचडे या पट्ट्यातील एखाद्या ट्रकमालकाचा विचार करावा. चीनकडून लोहखनिजाला मोठी मागणी असताना त्याने बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला, आजूबाजूच्या प्रत्येक वाड्यावर तेच चालले होते, हप्ते वेळेवर जात होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. मर्यादित उत्खनन पुन्हा सुरू झाल्यावर फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावातील माणसांना तर ज्या घरात म्हातारे होऊ असे धरले होते, ते घरच सोडून वाडे-वालकिणीला नवी वस्ती करावी लागली. निसर्गासाठी, कायद्यासाठी किंवा पाण्यासाठी हे निर्णय योग्य होते की नव्हते, हा वेगळा विषय आहे. आपल्या वहीत एवढेच नोंदवायचे की कोणती अपेक्षा आपण सोडली आणि कोणती काळाने काढून घेतली.

ही नोंद करताना मागाहून येणाऱ्या शहाणपणापासून सावध राहावे. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली दाखवून दिले की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो आधीच दिसत होता असे माणसाला वाटू लागते. ट्रक घेताना, नोकरी सोडताना किंवा स्थळ नाकारताना आपल्याला त्या दिवशी जे ठाऊक होते, तेवढ्यावरच त्या निर्णयाचा न्याय करावा.

मग प्रत्येक अपेक्षेच्या पोटात काय होते ते शोधावे. समजा, एका मुलीला मुंबईत जाऊन मोठी गायिका व्हायचे होते आणि आज ती पणजीत एका खात्यात कारकून आहे. ‘झाले नाही’ असे लिहून हा विषय संपत नाही. तिला रियाझ हवा होता, श्रोते हवे होते, कीर्ती हवी होती, की घराबाहेर पडून आपल्या मर्जीने जगायचे होते? चारही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या की कदाचित असे दिसेल की कला अकादमीतील संध्याकाळचे शिक्षण, देवळातील उत्सव आणि वास्कोच्या दामोदर सप्ताहातील भजन यांतून पहिल्या दोन गोष्टी तिला मिळाल्या, पगाराने चौथी बऱ्याच अंशी मिळाली आणि कीर्ती मिळाली नाही. जे मिळाले नाही तेही तितक्याच स्वच्छ शब्दांत लिहावे. त्याची समजूत घालणारे वाक्य पुढे जोडू नये. दुःख खरे असेल तर त्याला वहीत जागा हवी.

जे कधी मागितलेच नव्हते आणि तरी आयुष्यात आले, त्याचेही एक पान असावे. ते भरायला फारसे मार्गदर्शन लागत नाही.

शेवटी गुण देऊ नयेत, टक्केवारी काढू नये, आणि लिस्बनला किंवा लंडनला गेलेल्या भावाची वही मागू नये. हे लिहिताना झोप उडू लागली किंवा जगणे व्यर्थ वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे किंवा डॉक्टरांना भेटावे.

वही पुरी झाली की पुढील दहा वर्षांची अपेक्षाही दिनांकासह लिहून पाकिटात बंद करून ठेवावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, १९ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत असे आढळले की मागील दहा वर्षांत आपण पुष्कळ बदललो हे सर्व वयांचे लोक मान्य करतात, पण पुढील दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असेच धरून चालतात. म्हणून काय व्हावे एवढेच न लिहिता ते आज का हवे आहे तेही लिहावे, म्हणजे पुढे ताळा पाहताना कारण बदलले की परिस्थिती बदलली हे कळेल. घरात अठरा-वीस वर्षांचे कोणी असेल तर त्यालाही हे लिहायला सांगावे. मात्र तो लिहीत असताना आपण जवळ बसू नये आणि त्याचे पाकीट उघडू नये, नाही तर त्यात आपल्याच अपेक्षा उतरतील.