बुगिस राजवाड्याची बांबू-सागवानाची प्रतिकृती कशी करावी

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात बुगिस लोकांची बोने, वाजो, सोप्पेंग, लुवू अशी राज्यं होती. तिथल्या राजघराण्यांच्या लाकडी वाड्याला साओराजा म्हणतात. शाळेच्या प्रदर्शनात परदेशी वास्तू म्हटलं की थर्माकोल आणि रंग निघतो. साओराजाला मात्र गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडचा मानवेल बांबू आणि सुताराकडच्या सागवानी पट्ट्या अगदी चपखल बसतात, कारण मूळ वाडाही खांब आणि तुळयांच्या जुळणीवरच उभा असतो. सातवी-आठवीच्या मुलांना सोबत घेतलं तर बांबू सुकवून झाल्यावर दोन आठवड्यांत काम होतं.

आधी चित्र नीट निवडा. इंटरनेटवर सुलावेसीचं घर शोधलं की नावेसारखं दोन्ही टोकांना वर वळलेलं छप्पर पुढे येतं. ते तोराजा लोकांचं घर, वेगळ्या समाजाचं. बुगिस वाड्याचं आढं सरळ असतं, छपराला दोनच पाखं असतात आणि तिकोनी बाजू दर्शनी असते. इथे चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

माप १:२५ धरा. वाडा तीन पातळ्यांचा: खांबांमधली मोकळी तळजागा, मधला राहता भाग आणि छपराखालचा माळा. बुगिस समजुतीत जगाचेही असेच तीन थर आहेत, खालचं, मधलं आणि वरचं. तळजागेत जनावरं, अवजारं आणि विणकाम; मधे माणसं; माळ्यावर धान्य आणि घराण्याच्या जपून ठेवायच्या वस्तू. म्हणून तळजागा बुजवू नका आणि माळा नुसता दाखवण्यापुरता ठेवू नका. तिन्ही भाग बाहेरून ओळखू आले पाहिजेत.

सामान असं लागेल. १ सेंटिमीटर चौरस सागवानी पट्टी ७ मीटर. तिच्यातून प्रत्येकी २१ सेंटिमीटरचे ३० खांब निघतात. ४ मिलिमीटर जाडीच्या गोल बांबूकाड्या: ४४ सेंटिमीटरच्या १२ आणि ५४ सेंटिमीटरच्या १०. वाशांसाठी ३४ सेंटिमीटरच्या २६ कामट्या. ६० बाय ८० सेंटिमीटरची १२ मिलिमीटर प्लायवुडची फळी, नदीकाठचे ३० चपटे गोटे, छपरासाठी सिंदीची सुकी पानं, सुतळी, आणि भिंतींपुरतं फेविकॉल. खिळा एकही नको.

बांबू पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या. पावसाळ्याआधी, कोंब फुटण्याच्या तोंडावर, त्यात पिठूळपणा जास्त असतो, त्यालाच घुण लागतो, आणि मार्चमध्ये प्रतिकृतीखाली पिवळी भुकटी पडू लागते. बुरडांकडून कामट्या पाडून आणा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात दोन-तीन दिवस बुडवा, मग सावलीत आठ-दहा दिवस सुकवा. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनी करावं. आपल्याकडच्या उन्हात थेट टाकल्या तर कामट्या चिरतात. ओल्याच वापरल्या तर नंतर आकसतात आणि सगळी जुळणी ढिली होते.

आता खरी कसोटी, खांब. ३० खांब एकाशेजारी एक लावून बूड एका रेषेत आणा आणि काटकोनाने सगळ्यांवर एकदम खुणा करा: बुडापासून ८ सेंटिमीटर आणि १८.६ सेंटिमीटरवर. खांब पाव फिरवून शेजारच्या अंगावर ८.८ आणि १९.४ वर. प्रत्येक खुणेवर ४ मिलिमीटरचं आरपार भोक. दोन दिशांची भोकं एकाच उंचीवर पाडली तर खांब तिथेच मोडतो, म्हणून हा ८ मिलिमीटरचा फरक ठेवलाय. एकूण १२० भोकं होतात. खांबाखाली टाकाऊ लाकूड ठेवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना सागवानाची ढलपी निघते.

मूळ वाड्यात खांबांना आडवे, म्हणजे रुंदीच्या दिशेने, बांधणाऱ्या तुळईला पात्तोलो म्हणतात आणि समोरून मागे जाणारीला आरातेंग. पाच खांब जमिनीवर आडवे ठेवा, एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १० सेंटिमीटर अंतर, आणि ८ व १८.६ वरच्या भोकांतून ४४ सेंटिमीटरच्या दोन काड्या ओवा. ही एक चौकट झाली. अशा सहा करा.

उभारताना क्रम पाळा. बुगिस घराला एक मानाचा खांब असतो, पोसी बोला, म्हणजे घराची नाभी. तो समोरून दुसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरा. घर बांधताना आधी तोच उभा राहतो, बहुतेकदा फणसाच्या लाकडाचा. त्याला कापड गुंडाळतात आणि नारळ, ताडगूळ, केळी बांधतात. घर बांधणारा जाणकार, पानरिता बोला, सुतारकामाबरोबर दिवस पाहणं आणि विधी करणं हेही सांभाळतो. तेव्हा तुमचीही दुसरी चौकट आधी उभी करा आणि त्या खांबाला पांढऱ्या धोतराची बोटभर चिंधी गुंडाळून सुताने बांधा. पाहणाऱ्याची नजर तिथे जाते आणि मुलांना सांगायला विषय मिळतो.

चौकटी १०-१० सेंटिमीटरवर समोरासमोर धरा आणि ५४ सेंटिमीटरच्या काड्या ओवा: पाच खाली, पाच वर. काडीचं टोक पेन्सिलीसारखं तासा. अडकली तर ठोकू नका. ज्या खांबाचं भोक मिलिमीटरभर सरकलंय ते कानसीने वाढवा. शेवटी बाहेरच्या खांबांच्या भोकांत बांबूची पातळ पाचर दाबा. सांगाडा हलका हलेल, पण कोसळणार नाही. इथे फेविकॉल लावायचा मोह होतोच, तो टाळा. मूळ घराचा सांगाडाही सांध्यांवर आणि पाचरांवर उभा असतो, म्हणूनच घर सोडवता येतं, आणि गावकरी मिळून अख्खं घर खांद्यावर उचलून दुसऱ्या जागी नेतात. त्याला माप्पालेत्ते बोला म्हणतात. खांब जमिनीत न पुरता दगडांवर ठेवलेले असतात. तुमचेही गोट्यांवर ठेवा आणि फक्त गोटे फळीला चिकटवा. सांगाडा चार हातांनी उचलून परत ठेवता आला की काम बरोबर झालं.

खालच्या आरातेंगवर कामट्या टाकून मधली जमीन करा, वरच्यांवर माळ्याची. भिंती बुरडी चटईच्या. समोर खिडक्यांची रांग सोडा. पुढे १५ बाय १० सेंटिमीटरची ओसरी काढा, तिला लेगो-लेगो म्हणतात, पाहुणे तिथे बसतात. जिन्याच्या पायऱ्यांची संख्या विषमच ठेवायची. या उंचीला ९ बसतात.

छपराला आढं वरच्या तुळयांपेक्षा १६ सेंटिमीटर उंच ठेवा. वासे तिरके ३२ सेंटिमीटर लागतात, म्हणजे दोन्हीकडे ५ सेंटिमीटरची वळचण मिळते. उरलेले २ सेंटिमीटर कापायला. १३ जोड्या सुतळीने आढ्याला बांधा. सिंदीची पानं खालून वर, प्रत्येक थर आधीच्या थराच्या अर्ध्यावर. मूळ छपरं ताडवर्गी पानांची किंवा लाकडी फळ्यांची असत, त्यामुळे सिंदी शोभते. मातीची कवेलू मात्र अजिबात नको: दिसतात परकी, आणि वजनाने वरची तुळई वाकते.

दर्शनी तिकोनाला तिम्पा लाजा म्हणतात. सगळा मानमरातब तिथे वाचता येतो. साध्या माणसाच्या घराला एक-दोन पदर, सरदार-उमरावांना तीन-चार, राज्य करणाऱ्याला पाच किंवा त्याहून अधिक. दुरून येणाऱ्याला घर कुणाचं हे पदर मोजून कळायचं. आपल्याला पाच हवेत. चटईच्या ३.७ सेंटिमीटर रुंद पट्ट्या घ्या. खालच्या कडेला लांबी ४०, ३२, २४, १६ आणि ८ सेंटिमीटर, दोन्ही टोकं छपराच्या उताराला तासलेली. तळापासून सुरुवात करा आणि वरची पट्टी खालचीवर अर्धा सेंटिमीटर बाहेर काढून लावा, म्हणजे प्रत्येक पदराची सावली पडते. सपाट चिकटवल्या तर चार हातांवरूनही पदर मोजता येत नाहीत. आढ्याच्या टोकाला म्हशीची शिंगं किंवा नाग कोरून लावतात.

रंग देऊ नका. जवसाचं तेल कापडाने एकदा पुसा, पुरे.

शेजारच्या पाटीवर बोनेतल्या वाटाम्पोने शहरातल्या बोला सोबा या वाड्याची माहिती लिहा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा वाडा बांधला गेला आणि बोनेचा राजा ला पावावोई याचा सेनापती मुलगा, पेत्ता पोंगावाए, तिथे राहत असे. १९०५ मध्ये डच फौजेने बोने घेतलं, मुलगा लढाईत मारला गेला आणि राजाला जावा बेटावर हद्दपार केलं. वाडा डचांकडे गेला, पुढे मूळ जागेवरून हलवून पुन्हा उभारला गेला आणि मार्च २०२१ मध्ये आगीत जळाला. सुकं लाकूड आणि पानं किती लवकर पेटतात हे लक्षात घेऊन प्रतिकृतीत पिवळा बल्ब किंवा पणती लावू नका. उजेड हवाच असेल तर सेलवरची एलईडी माळ तळजागेत सोडा.

तालुक्याला नेताना छप्पर वेगळं उचलून खोक्यात घाला, वाशांखाली गवत भरा. सांगाडा फळीसकट न नेता वेगळा न्या, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने खांब गोट्यांवरून घसरतात आणि आरातेंग मधोमध मोडतात. सोबत दहा-बारा जास्तीच्या पाचरा आणि दोन ५४ सेंटिमीटरच्या काड्या ठेवा.