चावी सुटली की पहिलं पाणी धरा

केमिस्ट्रीतून बी.एस्सी. करून पाणीपुरवठ्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कोल्हापुरात जलशुद्धीकरण केंद्रावर मी ऐन पावसाळ्यात रुजू झालो. पंचगंगा तांबडी झाली होती. त्या दिवसांत सगळा जीव जार टेस्टमध्ये असतो. सहा बीकर, सगळ्यांत नदीचं तेच पाणी, तुरटीचा डोस मात्र चढता. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग वीसेक मिनिटं सावकाश. एखाद्या बीकरात गाळ पिंजलेल्या कापसासारखा एकत्र येतो आणि तळाला बसतो; वर पाणी नितळ. तोच त्या वेळचा डोस. कालचा आकडा आज लावू नका, वर रात्रीत पाऊस झाला की सकाळचं पाणी वेगळं असतं. तुरटी जास्त पडली तर सामू उतरतो, तेही बघा.

वाळूचे फिल्टर, बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), क्लोरीन हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. गल्लीतलं पाणी मात्र चावीवाल्याकडूनच, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवून गल्लीत पाणी सोडणाऱ्याकडूनच, शिकावं लागतं.

नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. तो ओटी टेस्टने बघतात. नळीत पाणी, ऑर्थोटोलिडिनचे थेंब, आणि क्लोरीन असला तर येणारा पिवळा रंग लगेच ताडून घ्यायचा. रेंगाळलात तर रंग गडद होतो आणि आकडा फसवा येतो.

एका पेठेत पोटाच्या तक्रारी वाढल्या होत्या. मी तीनदा नमुना घेतला, तिन्ही वेळा पिवळा. चावीवाले मामा म्हणाले, "सर, तुम्ही पाणी येऊन तासानं येताय. पहाटे चावी सोडल्यावर पयलं पाणी धरा की." धरलं. नळी पांढरी ती पांढरीच. पाणी बंद झालं की रिकामी पाइप बाहेरचं आत ओढते, आणि तिथं गटारातून गेलेलं एक गंजकं कनेक्शन होतं. ते बदलेपर्यंत घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगितलं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली, भोवती पाणीच पाणी आणि नळ कोरडे. तेव्हा टँकरच्या पाण्यालाही हीच नळी. पुढे थेट पाईपलाईनने काळम्मावाडी धरणाचं पाणी आलं. धरण लांबचं असलं तरी शेवटचा नळ गल्लीतच असतो.

माझ्या नोंदवहीत नमुन्याच्या वेळेशेजारी आता चावी सुटल्याची वेळ असते. तो रकाना पहिल्याच दिवशी आखून घ्या.