पुणे की नागपूर? पहिल्या ऑफरची भीती वहीत उतरवा

पहिली ऑफर हाती आली की नागपूरच्या कितीतरी घरांत जेवताना एकच विषय निघतो: पुण्याला जायचं, की नागपूरजवळच्या मिहान-बुटीबोरीच्या औद्योगिक भागात काही बघायचं? आई म्हणते, "तिकडे आपलं कोण आहे?" मित्र म्हणतात, "इथं राहून काय करशील?" दोन्ही पटतं, आणि होकाराची मुदत संपत आली तरी मेल तसाच पडून राहतो.

यात मुलांचा भित्रेपणा नसतो. शाखा, क्लास, कॉलेज सगळं घरच्यांनी ठरवलेलं असतं. बाविसाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतः ठरवायचं, तेही एवढं मोठं, म्हटल्यावर छातीत धडधडणारच.

वहीचं एक पान घ्या. दहा मिनिटं जी जी भीती वाटते ती लिहून काढा आणि मग प्रत्येक ओळीचा प्रश्न करा. "एकटा पडेन" याला उत्तर नसतं. "घरी कोणी आजारी पडलं तर किती तासांत पोहोचेन?" याला असतं. नागपूरच्या अजनी स्टेशनवरून पुण्याला जाणारी वंदे भारत ऑगस्ट 2025 पासून धावते, सुमारे बारा तास घेते. शिवाय रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, घाईच्या वेळी विमान आहे. पानावर लिहा: "रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी घरी." अशी उत्तरं मिळत गेली की पानावरच्या बऱ्याच ओळी खोडता येतात. उरलेल्या दोन-तीन ओळींवरच खरा विचार करायचा असतो.

पैशांच्या ओळीवर मात्र जरा वेळ घालवा, कारण चूक इथेच जास्त होते. ऑफर लेटरवर वर्षाचे 4,20,000 लिहिलेले असतात आणि घरी हिशेब महिन्याला 35,000 चा होतो. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, 16,000 आहे. 12 टक्क्यांनी कंपनीच्या वाट्याचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) 1,920 आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) साधारण 770 त्या 35,000 मध्येच धरलेले असतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ 1,920 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हाती उरतात सुमारे 30,190. त्यात 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर आणखी कमी. भाडं, डबा, जाणं-येणं याच आकड्यातून वजा करा, आणि सुरुवातीला भरायचं डिपॉझिट वेगळं लिहा. नागपूरच्या ऑफरलाही हाच हिशेब लावा. घरी राहिल्याने वाचणारं भाडं मोजलं नाही तर तुलना खोटी ठरते.

मग लेटरमधल्या दोन जागा पेन्सिलीने अधोरेखित करा: बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आणि नोटीस पीरियड (सोडण्याआधी किती दिवस कळवायचं). किती महिने, सोडल्यास किती रक्कम, मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात का? मूळ प्रमाणपत्रं मागत असतील तर थांबा, लेखी कारण विचारा. बाँड नसेल आणि नोटीस एक-दोन महिन्यांची असेल, तर हा निर्णय पुढे बदलता येतो. लग्नासारखा वाटणारा हा निर्णय बहुतेक वेळा भाडेकरारासारखा असतो, हे समजलं की झोप लागते.

भीती एवढी मोठी का वाटते, हे डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं: तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा नुकसान मनाला जास्त बोचतं. म्हणून "गेलो तर काय गमावेन?" विचारलंत की "नाही गेलो तर काय गमावेन?" हेही लिहा. दुसरी यादी बहुतेक जण करतच नाहीत.

जे करून पाहता येतं ते करून पाहा. मिहानची नोकरी असेल तर शिफ्टच्या वेळेला मेट्रोने खापरीला उतरा आणि कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन या. मेट्रोचा प्रवास सोपा आहे, खरा प्रश्न स्टेशनपासून पुढचा. रात्रीच्या शिफ्टला कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का, हे एचआरला मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील.

सल्ला तिघांचाच घ्या: त्याच कामात दोन-तीन वर्षं झालेला एक, ती कंपनी सोडून गेलेला एक, आणि तुम्हाला ओळखणारं घरचं एक माणूस. "काय करू?" असं विचारलंत तर समोरचा स्वतःचं आयुष्य सांगेल. "पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काम काय मिळालं?" असं विचारा. पंधरा जणांना विचारलंत तर पंधरा भीती गोळा होतील.

मुदतीच्या एक दिवस आधीची संध्याकाळ निर्णयाची ठरवा. ठरलं की त्याच वहीत चार ओळी लिहा: काय ठरवलं, कोणत्या माहितीवर, तीन महिन्यांत काय होईल असं वाटतं, दहापैकी किती खात्री. नव्वद दिवसांनी ते पान उघडा. माहिती कमी पडली होती की माहिती नीट असूनही परिस्थिती फिरली, हे तेव्हा कळतं. अशी पाच-सहा पानं झाली की पुढच्या निर्णयाला हात थरथरत नाही. खोली निवडणं, ब्रोकरशी बोलणं, भाडेकरार वाचणं ही लहान कामं वडिलांवर टाकू नका. वहीची पानं अशा लहान निर्णयांनीच भरतात.

आणि ज्या कंपनीला नाही म्हणायचं तिला त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल करा. दोन्हीकडे होकार देऊन रुजू व्हायच्या दिवशी गायब होणाऱ्या मुलांमुळे पुढच्या वर्षी ज्युनिअर्सच्या जागा जातात.