कोकणपट्टीवरचं धुकं: उपग्रहाच्या चित्राआधी पाण्याचं तापमान

समुद्री धुक्याचं काम शिकायला येणारे बहुतेक जण पुस्तकातली व्याख्या घेऊन येतात: उबदार, दमट हवा थंड पाण्यावर सरकली की धुकं. कोकणात आधी हीच तपासा. जानेवारीतही इथलं पाणी २६-२७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, बहुधा त्याच्या बराच खाली. असं पाणी हवा गार करणार कसं? बंदरासमोर सकाळी दिसणारं धुकं सहसा रात्री खाडीकाठी तयार होतं आणि मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडतं. नाहीतर ते नुसतं धुरकं. दृश्यता १,००० मीटरच्या खाली गेली तरच नोंदीत 'धुकं' लिहायचं.

इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस या भारतीय हवामान उपग्रहांच्या रात्रीच्या चित्रांत १०.८ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यातल्या तापमानातून ३.९ चं वजा करतात. पाण्याचे बारीक थेंब ३.९ ला कमी उत्सर्जन करतात, म्हणून तिथे धुकं जास्त थंड दिसतं. फरक दोनेक अंशांवर गेला की संशय घ्यायचा, खात्री नाही. खाली उतरलेला स्तरमेघ, म्हणजे सपाट थराचा ढगही अगदी तसाच दिसतो, आणि ढगाचा तळ उपग्रहाला कळत नाही. सूर्य वर आला की ३.९ मध्ये परावर्तित ऊन मिसळतं आणि ही वजाबाकी निकामी होते. तेव्हा दृश्य पट्ट्याकडे वळा. त्याची चौकट, म्हणजे चित्रातला एक ठिपका, १ किलोमीटरची, अवरक्ताची ४ ची. अरुंद खाडीतलं धुकं ४ किलोमीटरच्या चौकटीत विरून जातं. चित्रावरची वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. हे सांगावं लागतं.

खरा घोळ होतो तो आर्द्रता मोजायच्या ओल्या तापमापकाच्या फुग्यावर गुंडाळलेल्या मलमलीत. खाऱ्या हवेने तिच्यावर मीठ साचतं, बाष्पीभवन मंदावतं, पारा वर राहतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट भासते. १९ अंशांच्या पहाटे अर्ध्या अंशाची चूक म्हणजे आर्द्रतेत साडेचार-पाच टक्क्यांचा फरक, म्हणजे नसलेल्या धुक्याचा अंदाज. मलमल आठवड्याला बदला, तुषार येत असतील तर त्याआधीच. पाणी ऊर्ध्वपातितच घ्या, विहिरीचं नको. दृश्यतेसाठी अंतर मोजून ठेवलेल्या खुणा लागतात: दिवसा डोंगर, जेटी; रात्री दीपस्तंभ. जमलं तर एकाने सड्यावर, म्हणजे खाडीवरच्या उंच कातळपठारावर उभं राहावं. वरून खाडीतल्या धुक्याचा माथा दिसतो, आणि तो तळापर्यंत आहे की अधांतरी, हे जेटीवरचा माणूस सांगतो.

अंदाजासाठी संध्याकाळचा दवबिंदू, निरभ्र रात्र आणि जवळजवळ पडलेला वारा, एवढं आधी बघा. मतलई जोराची असेल तर खालची हवा घुसळली जाते आणि धुकं धरत नाही. संगणकाचं हवामान मॉडेल वापरण्यापूर्वी त्याचा जमीन-पाण्याचा नकाशा उघडा. ३ किलोमीटरच्या जाळीत वाशिष्ठीच्या खाडीचा बराच भाग जमीन ठरतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीसारख्या वाहतुकीला तर धुकं पडेल का यापेक्षा किती वाजता उठेल हे हवं असतं. त्यासाठी धुक्याची जाडी लागते, आणि ती सड्यावरूनच कळते.