पडीची कैरी रात्र पडायच्या आत मिठात गेलीच पाहिजे

मे अर्धा सरायच्या आतच कोकणातल्या बागायतदाराने आभाळाआधी घरातलं मीठ बघावं. वळीव नेमका कधी येईल ते सांगता येत नाही, पण आला की झाडाखाली कैरीचा सडा पडणार हे ठरलेलं. 2021 मध्ये मेच्या मध्याला तौक्ते वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गात तेच केलं. 2025 मध्ये तर मोसमी पाऊस 25 मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला. मृगाला अजून पंधरवडा आहे म्हणून जे निवांत होते, ते त्या वर्षी अडकले. तारखांवर विसंबू नका.

वाऱ्याने पडलेली कैरी ही नुकसानीची सुरुवात असते. खरी नासाडी पुढच्या दोन रात्रींत होते आणि ती आपल्याच पडवीत होते. दरवर्षी तेच पाहतो. संध्याकाळी वारा सुटतो, सकाळी गडी कैरी गोळा करतात, ताडपत्रीखाली ढीग लागतो. मग कोणीतरी बाजारात मीठ आणायला जातं, पिंप शेजाऱ्याकडे गेलेलं असतं, आणि कैरीला मीठ लागेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. तोवर त्या ढिगाची आढी झालेली असते. आतली ऊब वाढते, जून, म्हणजे पूर्ण भरलेली, कैरी पिकायला लागते, आंबटपणा उतरतो. आपटलेल्या जागी साल वरून हिरवीच दिसते, पण अंगठा दाबला तर तो आत जातो. अशी कैरी चिरून बघा: मारापाशी गर तपकिरी आणि पाणचट, कोयीपाशी पिवळसर. या फोडींचं लोणचं श्रावणापर्यंत लगदा होतं, आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो.

म्हणून पहिलं काम म्हणजे जाडं मीठ 15 मेच्या आत घरात आणून ठेवणं. 50 किलोचं एक पोतं तरी असावं, फळीवर, भिंतीपासून दूर. पाऊस लागला की मीठ पाणी धरतं आणि मग वजनाचा हिशेब चुकतो. शिरोड्याचं किंवा रायगडच्या मिठागरांचं जाडं मीठ चालतं. रेती असेल तर पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून घ्यावं.

आता हिशेब, कारण ज्यांनी वेळेत मीठ घातलं त्यांचंही इथेच फसतं. मिठाच्या जोरावर टिकवायच्या लोणच्यात मीठ 12 टक्क्यांच्या खाली नसावं, असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. ते मोजायचं एकूण मालावर. 10 किलो फोडींना 1 किलो मीठ चोळलं तर ते 9 टक्केच भरतं, आणि असा माल पावसाळ्यात फसफसतो. दीड किलोला 13 टक्के होतात, म्हणजे जेमतेम. 2 किलो घाला, साडेसोळा टक्क्यांच्या वर जातं. खारट लागेल ही भीती नको, वापरायच्या वेळी फोडी पाण्यात टाकून खार उतरवता येतो.

अख्खी कैरी खाऱ्या पाण्यात घालणाऱ्यांनी जास्तच जपावं. 7 लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ घातलं की पाणी जिभेला कडक खारट लागतं. पण ते 10 किलो कैरीवर ओतलं की थोड्या दिवसांत मीठ कैरीत शिरतं, कैरीचं पाणी बाहेर येतं, आणि सगळं मिळून 7 टक्केही उरत नाही. एवढ्या मालाला 3 किलो मीठ लागतं, मग 15 टक्के भरतात. सव्वादोन किलो पाण्यात विरघळवून ओता, उरलेलं वरून थरावर पसरा. जुन्या बायका खारात बटाटा सोडून बघतात, तरंगला तर मीठ पुरेसं. ही परीक्षा मला पटते, फक्त ती पहिल्या दिवशी करून भागत नाही. आठवड्याने पुन्हा करा. तेव्हा बुडाला तर आणखी मीठ.

निवड त्याच संध्याकाळी, कंदिलाच्या उजेडात का होईना:
– अख्खी, कोवळी, न फुटलेली: खारात.
– जून, गर पांढरा: फोडी करून मिठात.
– आपटलेली: डाग कापून आधी तिच्याच फोडी.
– फुटून माती शिरलेली, अळी असलेली: दोन फूट खोल पुरा. झाडाखाली ठेवली तर फळमाशी मातीत कोष करते.

बाकी नेहमीचं:
– देठ काढून चीक निथळू देणे.
– दोन पाण्यांनी धुणे.
– फडक्यावर सुकवणे.
– फोडींना किलोला 10 ग्रॅम हळद.
– आठवडाभर रोज ढवळणे.
– वर ताट आणि धुतलेला दगड, कैरी पूर्ण बुडलेली.
– लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको.
– औषधाचा रिकामा ड्रम कितीही धुतलेला असला तरी नको.

खारावर पांढरी साय धरली तर घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. ती आम्ल खाते, आणि आम्ल गेलं की कैरी मऊ पडते. साय काढा, कडा पुसा, बटाटा सोडून बघा. माझा अंदाज असा की सायीची तक्रार बहुतेक त्याच पिंपात येते, जिथे कैरी एक रात्र उशिरा पडली. कागदावर दाखवता येणार नाही, पण डोळ्यांदेखत आहे.

दुकानदार या दिवसांत तीन वस्तू हमखास गळ्यात मारतो. पहिली, फळगळ थांबवणारं संजीवक. नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड 20 पीपीएमने (लिटरला 20 मिलिग्रॅम) फवारायची वेळ फळं वाटाण्याएवढी असताना असते. मेच्या वाऱ्यात हलणारी कैरी कुठल्याही बाटलीने देठाला चिकटत नाही. दुसरी, टिकाऊ पावडर. ती बहुधा सोडियम बेन्झोएट असते. लोणच्यात किलोला 250 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे 4 किलोला जेमतेम 1 ग्रॅम, आणि चमच्याने अंदाजाने घालणारा ती मर्यादा सहज ओलांडतो. 15 टक्के मीठ असलेल्या पिंपाला तिची गरजच नाही. तिसरी, रंग. त्याबद्दल बोलायलाही नको.

तेलाचं लोणचं घालायचं तर घाई नाही. मिठात मुरलेल्या फोडी निथळून, सावलीत कोरड्या करून पाऊस स्थिरावल्यावरही घालता येतं. तेल गरम करून पूर्ण गार झालेलं हवं आणि फोडींच्या वर निदान अर्धा सेंटिमीटर उभं राहिलं पाहिजे. तेलाच्या लोणच्याला ओला डाव चालत नाही. विकणाऱ्यांनी अन्न परवान्याची नोंदणी आधी करून घ्यावी. खारवलेल्या फोडी पिंपाने घेणारे लोणचेवाले असतात, तेव्हा पडीच्या दिवशी येईल त्या भावात कैरी उचलून देऊ नका.

झाडावर अजून कैरी असेल आणि दुपारी नैर्ऋत्येकडे काळं भरून आलं, तर लोणच्याची तेवढी झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने, उतरवून घ्या. आणि त्या दिवशी माणसं कमी पडली तर चिरायच्या मागे लागू नका. अख्खी धुऊन खारात ढकला, फोडी आठवड्याने होतील.