बायोप्सी रिपोर्टमधला टिल्सचा आकडा कसा वाचायचा

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘स्ट्रोमल टिल्स ३०%’ दिसलं की घरचे घाबरतात, कॅन्सर ३० टक्के पसरला असं धरून चालतात. तसं नसतं. टिल्स म्हणजे गाठीत शिरलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. कॅन्सरपेशींच्या पुंजक्यांमधल्या आधार-ऊतीतली ३०% जागा लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापली आहे, इतकंच ते सांगतं.

आधी त्याच रिपोर्टवर ईआर, पीआर (हार्मोनचे ग्राहक) आणि हर-टू (कॅन्सरपेशींवरचं एक प्रथिन) बघा. गाठ ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर टिल्स जास्त असणं सहसा चांगलं: केमोचा गुण बरा येतो, आजार उलटण्याचा धोका कमी असतो. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठीत मात्र हे गणित लागू पडत नाही.

कारण गाठीत शिरलेली प्रत्येक पेशी लढतेच असं नाही. सीडी-८ टी-पेशी परफोरिन आणि ग्रँझाइम सोडून कॅन्सरपेशी मारतात. नियामक टी-पेशी त्यांनाच आवरतात. मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, तर पुष्कळदा फितूर होतात आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर मारणारी आणि आवरणारी टी-पेशी सारखीच दिसते, गडद निळा ठिपका.

आकडा नजरेच्या अंदाजाने काढलेला असतो, त्यामुळे २५ आणि ३० मध्ये फरक शोधत बसू नका. नुसती दाट जागाच मोजली की चूक होते. सरासरी घ्यायची असते. न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), मेलेला भाग, आधीच्या सुईची जागा आणि गाठीच्या हद्दीबाहेरच्या पेशी धरायच्या नसतात.

तुकडा देवास-खरगोनच्या नर्सिंग होममधून इंदूरला येणार असेल, तर काढल्यापासून तासाभरात १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात गेला पाहिजे आणि बाटलीवर वेळ लिहिलेली हवी. फॉर्मेलिनमध्ये ६ तासांहून कमी किंवा ७२ तासांहून जास्त राहिला, तर ईआर-हर-टूचे निकाल बेभरवशाचे होतात, आणि त्यांच्याविना टिल्सचा आकडा अधांतरीच.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटाला जाताना केमोपूर्वीच्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक, स्लाइड्स आणि मूळ रिपोर्ट, तिन्ही न्या. केमोनंतरच्या गाठीतले टिल्स वेगळ्या मापाने वाचतात, म्हणून पहिला ब्लॉक जपायचा. मे महिन्यात राजवाड्यापाशी उन्हात गाडी लावून ब्लॉक डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं.

पीडी-एल१ (प्रतिकारपेशींचा हल्ला रोखणारं प्रथिन) चाचणीचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना टप्पा विचारा. पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासाठी सीपीएस (पीडी-एल१ चाचणीतला गुणांक) १० किंवा जास्त लागतो. सुरुवातीच्या, पण मोठ्या किंवा काखेत गेलेल्या ट्रिपल निगेटिव्ह गाठीत ते औषध पीडी-एल१ न बघताच केमोसोबत देतात. आणि टिल्स ७०% आले म्हणून आपल्या मनाने केमो कमी करायला सांगू नका. नुसत्या या आकड्यावर उपचार कमी करण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही.