जनरेटरची अर्थिंग मे महिन्यात तपासा

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या रायपनिंग चेंबरला, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीला, डिझेल जनरेटर लागतोच. बसवताना अर्थिंगचा (गळणारा करंट जमिनीत सोडणारी जोडणी) एकच खड्डा खणून बॉडी आणि न्यूट्रल दोन्ही त्यालाच जोडायची घाई करू नका. थ्री फेज सेटला न्यूट्रलसाठी दोन आणि बॉडीसाठी दोन असे चार वेगळे खड्डे हवेत. खड्ड्यातला अर्थिंगचा पाइप किमान अडीच मीटर खोल जाऊ द्या.

खरी गोम आपल्या काळ्या जमिनीत आहे. पावसाळ्यात ती ओल धरते, तेव्हा अर्थ टेस्टरवर (अर्थिंगचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजणारे यंत्र) आकडा कमी, म्हणजे झकास येतो आणि वायरमन खूश. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की हीच जमीन भेगाळते, पाइपभोवती फट पडते आणि रोध वाढतो. म्हणून मोजणी भर उन्हाळ्यात करा, खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा. मीठ ओतायची जुनी सवय पाइप गंजवते. त्यापेक्षा बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी चिकणमाती, बरे.

इंजिन हादरते, त्यामुळे जनरेटरपासून पॅनेलपर्यंत लवचीक तांब्याची केबल घ्या, तिच्या टोकाला लग (जोडणीची धातूची टोपी) दाबून बसवा. केबल सायलेन्सरपासून लांब.

आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) सेट सुरूच करू नका. लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या जनरेटरचा करंट बसू शकतो.